पन्नास अंश

टाचणीचे पणजोबा म्हणजे माझे सासरे. त्यांना सगळे ‘डोळस’ म्हणत. भट्टीच्या झरोक्यासमोर उभे राहून, डोळे किंचित बारीक करून ते ताप सांगत, आणि तो बहुधा बरोबर निघे. आजोबा, म्हणजे माझे यजमान, ‘दुर्बीणवाले’. त्यांच्या नळीत दिव्याची एक बारीक तार असे. ती उजळवत न्यायची आणि भट्टीच्या उजेडात दिसेनाशी झाली की आकडा वाचायचा. वडील, म्हणजे माझा मुलगा, ‘तारवाले’. प्लॅटिनमच्या तारा भट्टीत घालून ते ताप मोजत, आणि पुढे दुरूनच किरणांवरून ताप ओळखणारी इन्फ्रारेडची यंत्रे घरात आणली तीही त्यांनीच. या तिघांनंतर टाचणी. अंगाने बारीक आणि बोलण्याने टोकदार, म्हणून हे नाव तिला वडिलांनी ठेवले, आणि ते असे चिकटले की खऱ्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनही पाहत नाही.

दुसऱ्याच्या आगीचा ताप मोजणे, हेच आमच्या घराचे काम. त्यातून आमच्या पोटाला मिळाले आणि मानही मिळाला. म्हणूनच त्या दिवसाची हकीकत मी जशी घडली तशी लिहीत आहे; तिला मुलामा देण्याचे माझे वय राहिलेले नाही.

आमची प्रयोगशाळा घराच्या तळमजल्यावर आहे. तिथे आडवी बसवलेली एक लहान विजेची भट्टी आहे. तिच्या पोटात ग्रॅफाइटचे भांडे, भांड्यात शुद्ध तांबे, आणि तांब्याच्या मधोमध बोटभर रुंद अशी काळी पोकळी. तांबे वितळवायचे आणि मग हळूहळू निवू द्यायचे. ते गोठू लागले की बराच वेळ त्याचा ताप जागचा हलत नाही. शुद्ध तांबे कुठेही गोठले तरी त्याच एका अंशावर गोठते. तेवढ्यात पोकळीच्या तोंडाशी यंत्र धरायचे आणि त्याला विचारायचे, बाबा रे, तुला किती दिसते? खोटे बोलणारे यंत्र तिथे पकडले जाते. तांब्याच्या पलीकडच्या तापासाठी गणित लागते, आणि टाचणीचे गणित तिच्या वडिलांपेक्षाही पक्के आहे.

कारखान्यात बसवलेले यंत्र मात्र उघड्या डोळ्याने पाहत नाही. त्याच्यापुढे धुळीसाठी एक काच, उष्णतेसाठी दुसरी काच आणि किरण वळवून घेणारा एक आरसा असतो. या तिघांत मिळून किरणांचा पाचवा हिस्सा वाटेतच गळतो. ही गळती यंत्राला कळावी म्हणून त्याच्या पाठीवर एक चकती असते. प्रयोगशाळेत काचा नसतात, तेव्हा चकती एकवर ठेवायची. भट्टीवर बसवले की शून्य दशांश आठवर आणायची. चकती एकवरच राहिली तर यंत्राला भट्टी आहे त्यापेक्षा थंड वाटते.

यजमानांपासून घरात एक नियम होता. यंत्र परत देताना त्यावर आपली कोणतीही दुरुस्ती ठेवायची नाही, ते कोरे द्यायचे, म्हणजे या यंत्राची चकती एकवरच. माझा मुलगा ते कोरे यंत्र मांडीवर घेऊन स्वतः कारखान्यात जाई, स्वतः बसवी, चकती आठवर आणी आणि मगच पाण्याला हात लावी. तो अचानक गेला. नियम टाचणीला तोंडपाठ होता. मांडीवर यंत्र घेऊन जाण्याची गोष्ट नियमात कुणी घातलेलीच नव्हती.

त्या सकाळी बाटल्यांच्या कारखान्यातून फोन आला. तिथल्या नियंत्रण खोलीत बसणाऱ्या गृहस्थांना ‘रेडिओ’ म्हणतात, कारण त्यांना बंद करता येत नाही. टाचणीचे हात कामात होते, म्हणून तिने फोन मोठ्या आवाजावर टाकला.

“अहो टाचणीबाई, काय खाऊ घातलंत आमच्या यंत्राला? परत आल्यापासून भट्टीला भस्म्या झालाय! गॅस नुसता गिळतेय.”

“यंत्र मोजतं हो, जेवत नाही,” टाचणी म्हणाली. “बर्नर साफ करा.”

“केले की! शेवटी कप्तान म्हणाले, ताप वाया जातोय, भट्टीला पांघरूण घाला. आज कमानीवर विटांचा जाड थर चढतोय. चार गवंडी वर नाचतायत. बरं, ठेवतो, आमचा बॉस बघतोय.”

टाचणी हसली आणि कामाला लागली. दुसऱ्याच कुणाचे यंत्र त्या दिवशी परीक्षेला होते. तांबे गोठू लागले होते. तिने यंत्र पोकळीसमोर आणले, सवयीने त्याच्या पाठीवरची चकती एकवर फिरवली, आणि तिचा हात तिथेच राहिला.

“आजी.”

“काय गं?”

“बाटल्यांच्या कारखान्याचं यंत्र कुणी नेऊन दिलं?”

“ड्रायव्हरने. तूच पाठवलंस. त्यांना घाई होती ना?”

“मग चकती कुणी फिरवली?”

तिच्या ओठांचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरला. आमच्या घरात गोठणारे तांबे अर्धवट सोडून कुणी उठत नाही. ती उठली आणि भिंतीला टेकून मनातल्या मनात हिशेब करू लागली. पाचवा हिस्सा किरण, इतका ताप, म्हणजे इतका फरक.

“पन्नास अंश,” ती म्हणाली. “आजी, ते पंधराशे नव्वद समजून भट्टी चालवतायत. ती सोळाशे चाळीसला आहे.”

न जाणणाऱ्यांसाठी सांगते. काचेच्या भट्टीवर विटांची कमान असते. तिला खांब नाही, तुळई नाही. विटा एकमेकींना रेटून अधांतरी उभ्या असतात. सोळाशे दहा ही त्या भट्टीची लक्ष्मणरेषा होती. तिच्या पुढे विटा मऊ पडतात, ओघळू लागतात, आणि खाली वितळलेल्या काचेचे तळे असते. भट्टी जास्त गॅस का खात होती ते आता कळत होते. ती थंड दिसत होती, म्हणून ते तिला तापवत होते. ताप वाया जातोय असे वाटले, म्हणून वरून पांघरूण घालत होते. आणि ते पांघरूण घालायला चार माणसे त्याच कमानीवर उभी होती.

तिने कप्तानांना फोन लावला. कप्तान म्हणजे भट्टीचे प्रमुख. नाव वडिलांकडून चालत आलेले, वडील थोरले कप्तान आणि हे धाकटे. टाचणीने काहीही न लपवता सगळे सांगितले. चकती एकवर राहिली आहे, चूक माझी आहे, आधी माणसे उतरवा.

“मॅडम,” कप्तान शांतपणे म्हणाले, “चकती एकवर ठेवून पाठवलीत तेव्हा यंत्र बरोबर होतं. तुमचीच सही आहे. आता म्हणता, आठवर करा. आठवर केली की आकडा चढेल, सातवर केली की आणखी चढेल. तुम्ही म्हणाल तो ताप मी त्या चकतीवर काढून दाखवतो! यात पुरावा कुठे आहे?”

“काका, माणसं तरी...”

“अर्धी कमान झाकलेली आणि अर्धी उघडी ठेवून माणसं उतरवली तर कमान वाकडी ताणते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या घरच्या शब्दावर एकदा भट्टी बंद झालीय. मला दुसऱ्यांदा ते करायचं नाही.” फोन बंद झाला.

मी पायात चपला घातल्या. टाचणीने कपाटातून घरचे प्रमाण यंत्र काढले. हातात धरून वापरायचे, तांब्याच्या पोकळीशी पुन्हापुन्हा ताडून पाहिलेले, तिच्या वडिलांचे लाडके. “तू कशाला येतेस?” तिने विचारले. “गाडी चालवायला तुझे हात स्थिर नाहीत,” मी म्हणाले, “आणि ड्रायव्हरला हुकूम देणारा कुणीतरी लागतो.”

वाटेत यंत्राची पेटी टाचणीच्या मांडीवर होती आणि दोन्ही हात पेटीवर. बाहेर रस्ता नेहमीसारखा होता. लोक भाजी घेत होते, एक पोरगी सायकल शिकत होती. त्या नेहमीपणाचीच मला भीती वाटत होती. प्रत्येक सिग्नलला मला ती कमान दिसे आणि तिच्यावर वाकलेली चार पाठमोरी माणसे.

कप्तानांच्या बोलण्यात जी जुनी गोष्ट होती ती अशी. धाकटे कप्तान अर्ध्या चड्डीत होते तेव्हा त्याच कारखान्यात माझ्या यजमानांनी दुर्बिणीतून कमान पाहिली आणि ओरडले, कमान जाते आहे! थोरल्या कप्तानांनी मित्राच्या शब्दावर भट्टी बंद केली. काचेची भट्टी एकदा निवली की तडकते. ती पुन्हा बांधावी लागते. आत जाऊन पाहिले तर कमान धडधाकट. माझ्या यजमानांनी ज्वाळेतून पाहिले होते. ज्वाळेचा उजेड कमानीच्या उजेडात मिसळला आणि आकडा फुगला. चौकशीत थोरले कप्तान उभे राहिले आणि म्हणाले, “मीच चुकीचं वाचलं. जबाबदारी माझी.” माझे यजमान शेजारच्या खुर्चीवर बसले होते. ते गप्प राहिले. आमची प्रयोगशाळा टिकली; थोरल्या कप्तानांची नोकरी गेली आणि पुढची सगळी वर्षे त्यांनी मालवाहतुकीच्या गोदामात पोती मोजत काढली. त्या घराने कधी तोंडातून ब्र काढला नाही. यजमान मात्र मरेपर्यंत म्हणत राहिले, “त्या घराचं देणं माझ्यावर आहे.” नुसते म्हणत राहिले.

कारखान्याच्या फाटकाशी रेडिओ आम्हाला न्यायला आले होते. त्या दिवशी प्रथमच त्यांना शब्द सुचत नव्हते. भट्टीच्या शेडमध्ये पाऊल टाकताच उष्ण वाऱ्याचा दाब छातीवर बसला. समोर ती प्रचंड भट्टी, तिच्या कडेने लोखंडी जिना, आणि वर, लाल उजेडाच्या धुकट पट्ट्यात, चार माणसे विटा मांडत होती. त्यांच्या पायांखाली जाड फळ्या होत्या, फळ्यांखाली थर, थराखाली कमान. भिंतीवर मोठ्या लाल आकड्यांत दिसत होते, पंधराशे नव्वद. इतका शांत, समाधानी आकडा मी आयुष्यात पाहिला नाही.

कप्तान समोर आले. मला पाहून थबकले. “काकू? तुम्ही का आलात या धगीत?”

“धग मोजणाऱ्यांच्या घरात नांदले आहे मी,” मी म्हणाले. “तिचं ऐक.”

“ऐकलं फोनवर.”

“ऐकू नका,” टाचणी म्हणाली. “माझ्या शब्दावर काही करू नका. ती चकतीही हलवू नका. हे दुसरं यंत्र आहे. याच्यापुढे काच नाही, आरसा नाही. मी झरोक्यातून थेट कमान बघते. मग तुम्ही स्वतः बघा.”

कप्तानांनी तिच्याकडे पाहिले आणि मग पेटीकडे. “आत ज्वाळा आहे,” ते म्हणाले. “तुझ्या आजोबांनी ज्वाळेतूनच पाहिलं होतं.”

“ठाऊक आहे. ज्वाळेची पाळी बदलेपर्यंत मी थांबते.”

त्या भट्टीत ज्वाळा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून येते. बाजू बदलताना मधे काही क्षण आत ज्वाळाच नसते; तेवढ्यात कमान तिच्या स्वतःच्या उजेडात दिसते. खरा आकडा मिळेल तो त्याच फटीत.

“आत्ताच बदला ना पाळी,” मी म्हणाले.

“नुकतीच बदललीय, काकू. लगेच उलटी फिरवली तर झडप अडकते. अडकली तर तुमचा आकडाही नाही आणि माझी भट्टीही नाही.”

म्हणून आम्ही वाट पाहिली. त्या वाट पाहण्यासारखे भयंकर मी काही अनुभवलेले नाही, आणि मी माझ्या मुलाला पोचवून आलेली बाई आहे. टाचणी झरोक्याशी उभी राहिली, निळ्या काचेचा मुखवटा कपाळावर, यंत्र छातीशी. झरोका भट्टीच्या भिंतीत, कमानीच्या अगदी बगलेत. कमान बसली असती तर आगीचा पहिला लोट तिच्याच अंगावर आला असता. हे तिला ठाऊक होते. मला ठाऊक होते. आम्ही एकमेकींकडे पाहत नव्हतो.

मला उभे राहवेना. मी जिन्याच्या पायथ्याशी गेले आणि वर हाक मारली, “अहो मुकादम! माणसं घेऊन खाली या!”

वरून एक काळवंडलेला चेहरा डोकावला. “कोण बोलतंय?”

“मी बोलतेय!”

“मी म्हणजे कोण, आजी?”

“तुझ्या आईच्या वयाची आहे, एवढं पुरे! उतर म्हटलं की उतरायचं!”

चौघेही हसले. “आजी, तुम्हीच वर या, गुडघे शेकून निघतील!” मुकादम म्हणाला. “कप्तानांनी सांगितल्याशिवाय इथून हलायची सोय नाही आमची.” आणि तो पुन्हा वाकला. फळीवर त्याच्या टाचेचा आवाज झाला. ठक्. तो आवाज माझ्या दातांत शिरला.

मी मागे वळून कप्तानांकडे पाहिले. ते लाल आकड्याकडे पाहत होते. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि तो केवळ धगीचा नव्हता. विश्वास ठेवावा तर वडिलांसारखे व्हायचे. न ठेवावा तर वर चार माणसे. तो माणूस दोन्हीकडून भाजत होता.

मग कुठेतरी लोखंडावर लोखंड घासले. “पाळी!” रेडिओ ओरडले.

झरोक्यातला नाचरा पिवळा उजेड विझला. टाचणीने मुखवटा खाली ओढला, यंत्र डोळ्याशी धरले. तिचे कोपर बरगडीशी घट्ट रोवलेले होते, अगदी तिच्या बापासारखे.

“सोळाशे बेचाळीस,” ती म्हणाली. यंत्र जरा सरकवले. “सोळाशे अडतीस. काका, लवकर, तुम्ही बघा!”

कप्तानांनी तिच्या हातातून यंत्र जवळजवळ हिसकावले. ते पाहत असताना मी त्यांच्या खांद्यामागून, टाचणीने पुढे केलेल्या निळ्या काचेतून, एक क्षण आत पाहिले. ते मला अजून दिसते. कमान पांढरीशुभ्र होती आणि तिच्या पोटातून मेणबत्तीच्या ओघळांसारखे धागे लोंबत होते. त्यातला एक माझ्या देखत लांबला, बारीक झाला आणि तुटून तळ्यात पडला. त्याच्या पडण्याला आवाज नव्हता.

ज्वाळा दुसऱ्या बाजूने परत आली. कप्तानांनी यंत्र खाली घेतले. त्यांनी धावत जाऊन भोंग्याच्या बटणावर पंजा मारला आणि मग जिन्याखालून ओरडले, “उतरा! हत्यारं टाका, उतरा! धावू नका, फळीवरूनच या, फळीवरून!”

या वेळी कुणी हसले नाही. एक उतरला, दुसरा उतरला. तिसऱ्याच्या पायात कंप भरला होता. मुकादमाने त्याच्या पट्ट्याला धरून त्याला पायरीपायरीने खाली आणले. मुकादमाचा पाय शेवटच्या पायऱ्यांवर असताना वर काहीतरी खचले. कडाड असा आवाज नव्हता. ओल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा, अगदी घरगुती आवाज. नव्या थराचा एक तुकडा आत गेला आणि त्या भोकातून माणसापेक्षा उंच अशी पांढरी जीभ सरळ छपराकडे उठली. फळ्या क्षणात पेटल्या. मुकादम मागे वळून पाहत राहिला. त्याची गंमतजंमत, त्याचा रंग, सगळे उतरले होते. “आजी,” तो मला म्हणाला, “आजी, आम्ही तिथेच होतो.” एवढेच तो पुन्हापुन्हा म्हणत होता. मी त्याचा हात धरून त्याला बाहेर नेऊन बसवले.

गॅस हळूहळू उतरवला. भट्टी एकदम निववता येत नाही; भीती कितीही असली तरी हात सावकाश चालवावा लागतो. कप्तानांनी ते केले, आणि मला म्हणावे लागते की त्यांच्यासारखे ते दुसऱ्या कुणाला जमले नसते. एक भोक पडले तेवढेच. बाकी कमान तगली. पुढे गरम भट्टीवरच ठिगळ लावता आले.

इथे भीती संपायला हवी होती. ती संपली नाही. तिने फक्त जागा बदलली.

चौकशीला मालकांकडून दोघे आले. उंच खुर्च्यांची, थंड हवेची खोली होती. एका बाजूला कप्तान आणि दुसऱ्या बाजूला टाचणी आणि मी. त्यांनी सगळे प्रश्न कप्तानांनाच विचारले. यंत्र आल्यावर तुम्ही तपासले का नाही? गॅस वाढला तेव्हा संशय का आला नाही? पांघरूण घालण्याचा हुकूम कुणाचा? फोन आला असताना माणसे का उतरवली नाहीत? प्रत्येक प्रश्नागणिक कप्तान खुर्चीत खाली खाली जात होते. त्या दोघांना एक माणूस हवा होता आणि तो त्यांना सापडला होता. आमच्याकडे ते कृतज्ञतेने पाहत होते. आम्हीच धावत येऊन सावध केले होते ना! एक जण तर म्हणाला, “या मुलीचे आभारच मानले पाहिजेत.”

कप्तान उठून उभे राहिले. “मीच प्रमुख आहे,” ते म्हणाले. “जबाबदारी माझी.”

तेच शब्द होते. तीच उभे राहण्याची ढब. आणि शेजारच्या खुर्चीवर पुन्हा आमचेच माणूस बसलेले होते.

मी टाचणीकडे पाहिले. भट्टीच्या झरोक्याशी ती जितकी भ्यायली होती त्याहून आता अधिक भ्यायली होती. बोलली तर घराची मान्यता जाणार, गिऱ्हाइके जाणार, चार पिढ्यांची पाटी उतरणार, हे तिला माझ्याइतकेच कळत होते. गप्प राहिली तर तिला कुणी काही विचारणारही नव्हते. मी तिला कोपराने डिवचले नाही. डोळ्यांनी खुणावलेही नाही. पोरीच्या मनावर माझ्या हुकमाचे ओझे नको होते. मी समोरच्या भिंतीकडे पाहत बसले.

तिची खुर्ची मागे सरकली.

“यांची जबाबदारी नाही,” टाचणी म्हणाली. “चूक माझी आहे. यंत्र भट्टीवर बसवून चकती फिरवण्याचं काम आमच्या घराचं. वडील हयात असेपर्यंत ते करत होते. मी यंत्र ड्रायव्हरच्या हाती पाठवलं आणि चकती विसरले. कारखान्यात कुणी ती चकती कधी हलवलेली नाही, कारण आम्हीच त्यांना हलवू नका म्हणून सांगितलं होतं.”

“पण तुम्ही फोन केलात, आणि यांनी ऐकलं नाही,” एक जण म्हणाला.

“बरोबर केलं. ज्याने चूक केली त्याच्याच शब्दावर भट्टी हलवायची नसते. यांनी पुरावा मागितला. पुरावा डोळ्यांना दिसल्यावर क्षणही घालवला नाही. माणसं यांनी उतरवली.”

“तुम्ही काय बोलता आहात ते तुम्हाला कळतंय ना? तुमच्या प्रयोगशाळेची मान्यता...”

“कळतंय,” ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. तिने ते पुसले नाही. “पन्नास अंश माझे आहेत. त्यांच्या नावावर घालू नका.”

कप्तान तिच्याकडे पाहत राहिले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडले आणि मग, शहाण्या माणसासारखे, खाली बसले.

कप्तानांची नोकरी राहिली. आमची मान्यता काढून घेतली गेली. ती परत मिळवायला टाचणीला पुन्हा पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागेल, आणि ती देते आहे. दारावरची पाटी मी स्वतः उतरवली. ती तिला उतरवू दिली नाही.

त्यानंतर आम्ही दोघी थोरल्या कप्तानांकडे गेलो. ते आता खाटेवरच असतात. कान अधू झाले आहेत, नजर शाबूत आहे. खिडकीशी लावलेल्या त्या खाटेवर बसून ते संत्रे सोलत होते. सुनेने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन कोण आले ते सांगितले. मी जवळ बसले आणि चौकशीत काय झाले, कोण उभे राहिले आणि कोण काय बोलले, ते सगळे मोठ्याने सांगितले. मधे सून हसली. “काकू, अख्खी गल्ली ऐकतेय,” ती म्हणाली. “ऐकू दे,” मी म्हणाले.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग टाचणीला खुणेने जवळ बोलावले, तिचा चेहरा उजेडाकडे वळवून बराच वेळ पाहिला.

“भ्यालीस का गं?” त्यांनी विचारले.

“खूप,” टाचणी म्हणाली.

“तुझा आजोबा पण भ्यायला होता,” ते म्हणाले. “फार भ्यायला होता. म्हणून मी बोललो.” मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. “वहिनी, तो जाईपर्यंत मला बघून रस्ता बदलायचा. आता त्याला सांगा, बदलू नको म्हणावं.”

त्यांनी संत्र्याच्या दोन फोडी टाचणीच्या हातावर ठेवल्या, एक माझ्या, आणि उरलेले स्वतः खाऊ लागले.

“फिटलं, वहिनी,” ते म्हणाले. “सगळं फिटलं.”